डेंजर, डेंजरस आणि इन डेंजर: इंग्रजीत धोका नीट मांडायचा कसा

सोलापुरात डेंजर काय नसतं? सिद्धेश्वर यात्रेच्या गड्ड्यावरचा आकाशपाळणा डेंजर, पुणे रोडवरची बिनदिव्याची उसाची ट्रॉली डेंजर, मे महिन्यातलं ऊन डेंजर, आणि कडक भाकरीवरची शेंगाचटणी तर 'लै डेंजर बे'. मराठीत हे सगळं खपून जातं. बोलणाऱ्याचा चेहरा समोर असतो, सूर कानावर पडतो, त्यामुळे चटणीची तारीफ चालली आहे की ट्रॉलीबद्दल तक्रार, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. इंग्रजीत अर्ज, मेल किंवा रिपोर्ट लिहायला बसलं की मात्र हाच शब्द हमखास दगा देतो.

एमआयडीसीत सेफ्टी रिपोर्ट लिहिणारे सुपरवायझर, रेल्वे-बँकेच्या परीक्षांना बसणारी मुलं, गल्लीतल्या विजेच्या उघड्या डीपीबद्दल इंग्रजीत तक्रार टाकू पाहणारे लोक, या सगळ्यांना उपयोगी पडेल अशा क्रमाने पुढे लिहिलं आहे. पहिल्या दोन पायऱ्या मात्र गाळू नका, बहुतेक चुका तिथेच होतात.

पायरी पहिली: नाम की विशेषण ते ठरवा

मराठीने डेंजर हा शब्द उचलला आणि त्याचं सरळ विशेषण करून टाकलं. डेंजर माणूस, डेंजर वळण, डेंजर पिक्चर. इंग्रजीत डेंजर हे नाम आहे, म्हणजे धोका. धोकादायक म्हणायचं असेल तर डेंजरस. त्यामुळे 'धिस रोड इज डेंजर' किंवा 'व्हेरी डेंजर मशीन' ही वाक्यं इंग्रजी वाचणाऱ्याला 'हा रस्ता धोका आहे', 'फार धोका मशीन' अशी दिसतात. अर्थ त्याला कळतो, पण लिहिणाऱ्याचं इंग्रजी कच्चं आहे हेही कळतं. बरोबर रूप: 'धिस रोड इज डेंजरस', 'अ व्हेरी डेंजरस मशीन'.

तपासायची युक्ती सोपी आहे. वाक्य मनात मराठीत म्हणा. 'धोका' बसत असेल तर डेंजर, 'धोकादायक' बसत असेल तर डेंजरस. 'इथे धोका आहे' म्हणजे 'देअर इज डेंजर हिअर'. 'ही जागा धोकादायक आहे' म्हणजे 'धिस प्लेस इज डेंजरस'.

आता एक जागा अशी आहे जिथे हुशार मुलंही फसतात, कारण नियम नुकताच शिकलेला असतो आणि ती सगळीकडेच डेंजरस लावत सुटतात. उजनी धरणातून पाणी सोडलं, वीर धरणाचं पाणी नीरेतून आलं आणि पंढरपुरात चंद्रभागा फुगली की बातम्यांत दोन शब्द येतात: इशारा पातळी आणि धोक्याची पातळी. इंग्रजीत वॉर्निंग लेव्हल आणि डेंजर लेव्हल. इथे डेंजरस लेव्हल म्हणायचं नाही. डेंजर लेव्हल ही आधीच आखून ठेवलेली खूण असते, धोका तिथून सुरू होतो. 'द रिव्हर हॅज क्रॉस्ड द डेंजर लेव्हल'. डेंजरस लेव्हल म्हटलं की ती पातळी स्वतःच धोकादायक असल्याचं सांगणं होतं, उदाहरणार्थ हवेतली धूळ: 'डस्ट हॅज रीच्ड अ डेंजरस लेव्हल'. 'धोक्याची' आणि 'धोकादायक' यांत मराठीत जो फरक आहे, तोच इथे आहे. डेंजर झोन, डेंजर बोर्ड, डेंजर सिग्नल हे सगळे याच घराण्यातले.

रेल्वेत काम करणाऱ्या घरातल्या मुलांना हे शिकवावं लागत नाही. सोलापूर हे मध्य रेल्वेच्या विभागाचं मुख्यालय, त्यामुळे अशी घरं शहरात भरपूर. लाल सिग्नलला रेल्वेच्या इंग्रजीत 'सिग्नल अ‍ॅट डेंजर' म्हणतात, आणि तो ओलांडून गाडी पुढे गेली तर 'सिग्नल पास्ड अ‍ॅट डेंजर', ज्याचं लघुरूप स्पॅड. तो सिग्नल काही धोकादायक नसतो. उलट धोका टाळण्यासाठीच तो लाल असतो.

उच्चाराचं थोडक्यात. आपण 'डें' आखूड म्हणतो. तो किंचित लांबवायचा, जवळजवळ 'डेइन्', जोर त्याच तुकड्यावर द्यायचा आणि शेवटचा 'रस' अर्धवट सोडायचा. स्पेलिंग डी, ए, एन, जी, ई, आर, ओ, यू, एस. जी नंतरचा ई गाळू नका, 'ज'चा उच्चार त्याच्यामुळेच होतो.

पायरी दुसरी: धोका देणारा कोण, झेलणारा कोण

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची. डेंजरस हा शब्द ज्याच्यापासून धोका आहे त्याला लागतो. ज्याला धोका आहे त्याला लागत नाही.

सोलापूरकराला याचं घरचंच उदाहरण आहे: नान्नजचा माळढोक. १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झालं. आज हा पक्षी जगातल्या अतिसंकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत आहे. शाळेच्या प्रोजेक्टमध्ये 'माळढोक इज अ डेंजरस बर्ड' असं लिहिलं, तर अर्थ होतो की माळढोक माणसांवर धावून येतो. बिचारा तो, माणूस दिसला की गवतात दबून बसणारा. बरोबर शब्द एन्डेंजर्ड: 'द ग्रेट इंडियन बस्टर्ड इज क्रिटिकली एन्डेंजर्ड'. या पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही आणि अंगानं तो जड, त्यामुळे उडताना विजेच्या तारांवर आदळून मरतो. म्हणजे तारा डेंजरस, तारेच्या दिशेने उडणारा एखादा पक्षी इन डेंजर, आणि त्याची सगळी जात एन्डेंजर्ड. एका वाक्यात: 'पॉवर लाइन्स आर डेंजरस टू धिस एन्डेंजर्ड बर्ड'. हे एक वाक्य पाठ करून ठेवलं तर डेंजरस आणि एन्डेंजर्ड यांच्या जागा पक्क्या होतात.

माणसांबाबतही तेच. 'माझा जीव धोक्यात आहे' याचं 'माय लाइफ इज डेंजरस' होत नाही, 'माय लाइफ इज इन डेंजर' होतं. दवाखान्याबाहेर नातेवाईक विचारतात तेव्हा पेशंट 'आउट ऑफ डेंजर' असतो, अगदी आपल्या 'धोक्याबाहेर'सारखा. 'द पेशंट इज डेंजरस' असं सांगितलंत तर ऐकणारा आधी वॉर्डच्या दाराकडे बघेल. तब्येत फार खालावली आहे हे सांगायला 'क्रिटिकल' किंवा 'सीरिअस' वापरा. गंमत म्हणजे 'डेंजरसली इल' हे मात्र शुद्ध इंग्रजी आहे आणि त्याचा अर्थ जीवावर बेतण्याइतका आजारी.

धोका निर्माण करणे याला क्रियापद आहे एन्डेंजर. 'ही एन्डेंजर्ड ऑल द पॅसेंजर्स' म्हणजे त्यानं सगळ्या प्रवाशांचा जीव धोक्यात घातला. आणि आपलं 'धोका देणे' यात येत नाही. 'ही गेव्ह मी डेंजर' असं काही नसतं. फसवलं असेल तर 'ही चीटेड मी'.

पायरी तिसरी: पुढे टू की फॉर

डेंजरसनंतर थेट ज्याला धोका आहे त्याचं नाव आलं तर टू किंवा फॉर, दोन्ही चालतात. आरोग्य, समाज, वाहतूक अशा गोष्टींना टू जास्त शोभतं: 'डेंजरस टू हेल्थ', 'डेंजरस टू ट्रॅफिक'. माणसाचं नाव आणि त्याची कृती दोन्ही सांगायच्या असतील तर फॉर आणि मग टू: 'इट इज डेंजरस फॉर चिल्ड्रन टू प्ले निअर द लूम'. परीक्षेत हाच साचा विचारतात. नुसती कृती सांगायची तर 'इट इज डेंजरस टू रिमूव्ह द गार्ड' (गार्ड म्हणजे यंत्रावरचं संरक्षक झाकण).

आपल्याकडून सुटते ती शेवटची छोटी कडी. 'कालव्यात पोहणं धोकादायक आहे' हे कालव्यापासून सुरू केलं तर 'द कॅनल इज डेंजरस टू स्विम इन'. तो शेवटचा 'इन' मराठीतल्या 'कालव्यात'मधला 'त' आहे, तो टाकून चालत नाही. 'द रोड इज डेंजरस टू क्रॉस' इथे मात्र काही नको, कारण रस्ता आपण ओलांडतो, रस्त्यात काही करत नाही.

एक तक्रार लिहून पाहू

समजा बिल्डिंगशेजारच्या डीपीचं झाकण तुटलं आहे आणि वीज कंपनीला मेल करायचा आहे. नेहमीचा मजकूर असा असतो: 'रिस्पेक्टेड सर, डीपी इज ओपन सो अवर लाइफ इज डेंजरस. इट इज व्हेरी डेंजर. काइंडली डू द नीडफुल.'

पहिल्यांदा डीपी हा शब्द काढा. गल्लीत तो सगळ्यांना कळतो, पण मेल कुठल्या टेबलावर उघडेल सांगता येत नाही, आणि मोबाइलवाल्या पिढीला डीपी म्हणजे फोटो. 'डिस्ट्रिब्यूशन बॉक्स' लिहा. मग नेमकं काय झालं आहे ते सांगा: 'द डोअर ऑफ द डिस्ट्रिब्यूशन बॉक्स निअर अवर गेट इज ब्रोकन. लाइव्ह वायर्स आर एक्स्पोज्ड अबाउट थ्री फीट अबव्ह द ग्राउंड.' हे वाचल्यावर डेंजरस शब्द आला नाही तरी चालेल इतकं चित्र उभं राहतं. पण तो आणायचाच, आणि योग्य जागी: 'धिस इज डेंजरस, एस्पेशली फॉर चिल्ड्रन हू प्ले हिअर'. मग मागणी: 'प्लीज फिक्स द डोअर बिफोर द रेन्स'. डू द नीडफुल नको. नीडफुल म्हणजे काय ते आपणच सांगायचं असतं.

माझं मत विचाराल तर तक्रारीत डेंजरस एकदाच यावा. तीनदा आला की वाचणाऱ्याला तो ओरडा वाटतो आणि 'थ्री फीट' मागे पडतं.

पायरी चौथी: शेजारचे शब्द

धोक्याचे शब्द इंग्रजीत बरेच आहेत आणि प्रत्येकाचं काम वेगळं आहे. पायरी लांब आहे, पण कामाची आहे.

रिस्की म्हणजे नुकसान होऊ शकतं, आणि बहुतेक वेळा ती जोखीम आपणच पत्करलेली असते. सोलापूर बाजार समितीत कांदा आणणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. भाव वाढेल म्हणून माल थांबवला तर 'होल्डिंग द स्टॉक इज रिस्की'. इथे डेंजरस म्हटलं तर कांदा फुटणार आहे की काय असं वाटेल. पैसा, धंदा, निर्णय यांना रिस्की, आणि शरीराला इजा होण्यासारखं असेल तर डेंजरस, इतकं लक्षात ठेवलं तरी बरंच निभावतं.

हॅझर्डस हा कागदोपत्री शब्द. रसायनं, कचरा, प्रक्रिया यांच्याबरोबर तो येतो. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात यंत्राच्या 'डेंजरस पार्ट'ला कुंपण घालायला सांगितलं होतं. यंत्रमागावर काम केलेल्याला त्याचा अर्थ पुस्तकातून शिकावा लागत नाही. फिरता पट्टा, दातेरी चाकं आणि मागातून निसटून अंगावर येणारा धोटा (शटल) हे सगळे डेंजरस पार्ट. पुढे १९८४ ला भोपाळ घडलं आणि १९८७ च्या दुरुस्तीने त्याच कायद्यात 'हॅझर्डस प्रोसेस'चं वेगळं प्रकरण आलं. म्हणजे हात कापणारं ते डेंजरस, आणि हवेतून-पाण्यातून गावापर्यंत पोहोचणारं ते हॅझर्डस, अशी ढोबळ विभागणी करता येते. मात्र वाहतुकीत उलटं ऐकू येतं. संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीत अशा मालाला 'डेंजरस गुड्स' म्हणतात आणि त्याचे नऊ वर्ग आहेत. पाकणीच्या इंधन डेपोकडे जाणाऱ्या टँकरच्या मागची पाटी कधी वाचा: पेट्रोलचा क्रमांक १२०३, डिझेलचा १२०२, गॅसचा १०७५. याच टँकरवर कधी 'फ्लेमेबल' असतं, कधी 'इन्फ्लेमेबल'. दोन्हींचा अर्थ एकच, लवकर पेट घेणारं. 'इन' लागला म्हणून उलटा अर्थ काढू नका, कारण ही चूक परीक्षेतल्या गुणांवर थांबत नाही.

अनसेफ म्हणजे सुरक्षिततेची अट पूर्ण न करणारं. जिना, पाणी, अन्न. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात 'अनसेफ फूड' आहे, डेंजरस फूड नाही.

हार्मफुल आणि इन्ज्युरिअस हे सावकाश नुकसान करणाऱ्या गोष्टींचे शब्द. सोलापुरात घरोघरी बायका बिडी वळतात. तंबाखूची धूळ वर्षानुवर्षे छातीत जाते. 'टोबॅको डस्ट इज हार्मफुल टू द लंग्ज' हे बरोबर. आज लगेच काही होत नाही, पण होतं. डेंजरस म्हटलं की पुढच्या क्षणी काहीतरी घडेल अशी भीती त्यात असते.

फेटल तेव्हाच, जेव्हा माणूस गेला आहे किंवा जाणारच आहे. 'फेटल अ‍ॅक्सिडेंट'. त्याला व्हेरी लागत नाही. ट्रेचरस म्हणजे वरून साधं दिसणारं पण फसवं: पहिल्या पावसात तेल आणि चिखल मिसळलेला रस्ता. पेरिलस पुस्तकातच राहू द्या.

आणि स्केअरी. आकाशपाळणा स्केअरी असतो, पोटात गोळा येतो. तो डेंजरस आहे की नाही हे त्याच्या नटबोल्टांवर ठरतं. उलट अकरा हजार व्होल्टची तार अजिबात भीतीदायक दिसत नाही.

कारखान्यातल्या पाट्यांवर तीन शब्द उतरत्या क्रमाने असतात: डेंजर, वॉर्निंग, कॉशन. अमेरिकी मानकाप्रमाणे डेंजर म्हणजे टाळलं नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच, वॉर्निंग म्हणजे होऊ शकते, कॉशन म्हणजे किरकोळ किंवा मध्यम इजा होऊ शकते. परदेशी मशीनच्या मॅन्युअलमध्ये हाच क्रम असतो. मराठी पाटी करताना तिन्हींना 'सावधान' लिहून मोकळं होऊ नका.

कायद्याच्या भाषेत डेंजरस

पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका जुन्या पेठांतल्या मोडकळीस आलेल्या वाड्यांना नोटिसा देते. महापालिका अधिनियमाचं कलम २६४ पडायला आलेल्या आणि राहणाऱ्याला किंवा जाणाऱ्या-येणाऱ्याला 'डेंजरस' असलेल्या बांधकामाबद्दल बोलतं. मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ आहे 'ड्रायव्हिंग डेंजरसली'. सिग्नल तोडणं आणि गाडी चालवताना मोबाइल हातात धरणं २०१९ पासून त्यातच धरलं जातं. भारतीय न्याय संहितेचं कलम ११८ 'डेंजरस वेपन्स ऑर मीन्स'ने केलेल्या दुखापतीचं.

आणि वर्तमानपत्रात वारंवार येणारं एमपीडीए. 'अमुक गुंड एमपीडीएखाली स्थानबद्ध, येरवड्यात रवानगी' ही बातमी सोलापुरात कुणी वाचली नाही असं होणार नाही. त्यातला डी म्हणजे डेंजरस. १९८१ च्या या कायद्याच्या लांबलचक नावात 'डेंजरस अ‍ॅक्टिव्हिटीज' आहे आणि पुढे 'डेंजरस पर्सन्स'ही. कायद्यात त्याची व्याख्या आहे, एकदा भांडण केलेला माणूस त्यात बसत नाही, सवयीने ठरावीक गुन्हे करणारा बसतो.

कायद्याबाहेर मात्र माणसाला किंवा विचाराला डेंजरस म्हणताना थोडं थांबावं. वस्तूचा धोका मोजता येतो, विचाराचा धोका कोण मोजतो त्यावर असतो. मे १९३० मध्ये सोलापूरकरांनी इंग्रजी सत्ता झुगारली, तेव्हा सरकारने शहरावर मार्शल लॉ लावला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. हे चौघे डेंजरस होते का? वाक्य लिहायचं तर असं: 'द ब्रिटिश कन्सिडर्ड देम डेंजरस'. 'दे वेअर डेंजरस' नाही. 'कन्सिडर्ड'मुळे मत कुणाचं ते स्पष्ट होतं. निबंधात, बातमीत, अगदी सोसायटीच्या ग्रुपवरसुद्धा माणसाबद्दल लिहिताना ही रचना हाताशी ठेवा.

पायरी पाचवी: किती डेंजरस?

तुलना मोअर आणि मोस्टने. 'मोअर डेंजरस', 'द मोस्ट डेंजरस'. मागे अर किंवा एस्ट जोडायचं नाही. व्हेरी, क्वाइट, एक्स्ट्रीमली, हायली चालतात. अजून काही झालं नाही पण होऊ शकतं असं म्हणायचं तर 'पोटेन्शिअली डेंजरस', सेफ्टी रिपोर्टमधला सगळ्यात उपयोगी शब्दप्रयोग हाच.

डेंजरसली हे क्रियाविशेषण वाहन चालवण्यापुरतं नाही. एखादी गोष्ट धोक्याच्या हद्दीपर्यंत कमी किंवा जास्त झाली तरी ते लागतं. उन्हाळ्यात उजनी 'मायनस'मध्ये गेली, म्हणजे वापरण्याजोगा साठा संपला, की आपण जे म्हणतो ते इंग्रजीत 'द वॉटर लेव्हल इज डेंजरसली लो'. साखर वाढलेल्या पेशंटची 'शुगर इज डेंजरसली हाय'. तुमचा ट्रक पुढच्या बसला चिकटून चालला आहे: 'डेंजरसली क्लोज'.

स्वतःला तपासायचं असेल तर ही चार वाक्यं कागदावर करून बघा आणि मग पुढचं वाचा. एक, मागाचं गार्ड काढून काम करणं धोकादायक आहे. दोन, त्या घराच्या भिंतीमुळे शेजाऱ्यांचा जीव धोक्यात आहे. तीन, नवीन माणसाला उधारी देणं धोक्याचं आहे. चार, गिऱ्हाईक म्हणतं हा रंग आरोग्याला घातक आहे.

पहिलं: 'इट इज डेंजरस टू वर्क विदाउट द गार्ड'. दुसऱ्यात डेंजरस भिंतीला आणि इन डेंजर शेजाऱ्यांना: 'द वॉल इज डेंजरस, द नेबर्स आर इन डेंजर'. तिसऱ्यात पैशाचा मामला, म्हणून रिस्की: 'गिव्हिंग क्रेडिट टू अ न्यू कस्टमर इज रिस्की'. चौथ्यात रंगाचा परिणाम हळूहळू होणारा आणि मत गिऱ्हाइकाचं: 'द कस्टमर सेज द डाय इज हार्मफुल टू हेल्थ'. चादरीच्या एक्स्पोर्टचा मेल असेल तर या चौथ्या वाक्यातलं 'सेज' चुकूनही गाळू नका, नाहीतर आपल्याच मालाविरुद्ध आपणच लेखी कबुली दिल्यासारखं होईल.